मान डोलली, पण समजलं का?

आपल्या मंदिराच्या पायरीवर गुरुवारी संध्याकाळी एक काळा कुत्रा येऊन बसतो, हे नेहमी येणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. आरतीची पहिली घंटा होण्यापूर्वीच तो हजर असतो. आरती चालू असेपर्यंत जागचा हलत नाही, भुंकत नाही. प्रसाद वाटून झाला की उठतो आणि निघून जातो. बाकीच्या वारी तो कुठे असतो, कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे पुष्कळ भक्त, विशेषतः आमच्या वयाची मंडळी, त्याला हात जोडून मगच पायरी चढतात. दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान, त्यांतलाच एक इथे आला, अशी त्यांची श्रद्धा. परंपरेने त्या चार श्वानांना चार वेद मानलं आहे, तेव्हा हात जोडण्यात काही वावगं नाही.

गेल्या चातुर्मासात या कुत्र्यावरून माझा आणि आमच्या नानांचा पारावर चांगलाच वाद झाला. नाना म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "त्याला गुरुवार कळतो. आरती कळते. आपल्या पोरांना कळत नाही ते त्याला कळतं."

मी म्हटलं, "नाना, त्याला प्रसाद कळतो."

"तुम्ही बँकवाले! देवाच्या कुत्र्याकडूनसुद्धा व्हाउचर मागाल," असं म्हणून नाना उठले ते रागावूनच.

मी छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. आकडा जुळल्याशिवाय झोप न येण्याची खोड त्यातूनच लागलेली. मी चार-पाच गुरुवार जरा लवकर येऊन पाहिलं. आपल्याकडे गुरुवारी प्रसादाला शिरा असतो. साडेपाचच्या सुमारास मोठं पितळी पातेलं मागच्या ओट्यावर आपटतं, त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत जातो, आणि थोड्या वेळाने रवा भाजल्याचा वास सुटतो. पुढच्या दहा मिनिटांत काळ्या पायरीवर. पुढे पौर्णिमा बुधवारी आली, त्या दिवशी शिरा झाला, आणि काळ्या बुधवारी आला. दुसऱ्या दिवशीच्या गुरुवारी प्रसादाला फक्त साखरफुटाणे होते, पातेलं निघालं नाही. काळ्या आला नाही.

मी नानांना हे सांगितलं. जिंकल्याच्या आनंदात सांगितलं, हे कबूल करतो. नाना थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे एवढंच?"

हा "एवढंच" शब्द माझ्या मनातून गेला नाही. जनावराला खरोखर काही समजतं, की ते फक्त आपल्या खुणा ओळखतं? आणि खुणा ओळखणं म्हणजे "एवढंच" का? आज या अंकात त्याविषयी दोन शब्द लिहितो. मी काही शास्त्री-पंडित नाही, कॉमर्सचा पदवीधर. चूकभूल द्यावी घ्यावी.

लहानपणी आमच्या गावात सुगी झाली की नंदीबैलवाला यायचा. बैलाच्या पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ. तो गुबूगुबू वाजवी आणि बैलाला विचारी, यंदा पाऊस होईल का, अमक्याच्या पोरीचं लग्न ठरेल का. बैल मान हलवी. बायका सुपातून धान्य घालीत. आम्ही पोरं थक्क होऊन बघत असू. माझे वडील मात्र बैलाकडे बघत नसत, त्या माणसाच्या हाताकडे बघत. एकदा मला म्हणाले, "वाजवण्याची चाल बदलली बघ, की मान हलते." त्या दिवसापासून माझी गंमत गेली. होकार द्यायचा म्हणून देणाऱ्या माणसाला आपण "नंदीबैल" म्हणतो, ते का, हे मात्र तेव्हा कळलं.

पुढे या विषयावर वाचताना जर्मनीतल्या एका घोड्याची हकिकत हाती लागली. ती वाचली आणि वडिलांची आठवण झाली.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक होते. त्यांनी हान्स नावाचा घोडा पाळला होता आणि शाळेतल्या पोराला शिकवावं तसं फळ्यावर आकडे लिहून त्याला अनेक वर्षं शिकवलं होतं. सात आणि पाच किती, असं विचारलं की हान्स खूर बारा वेळा आपटी आणि थांबे. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, घड्याळातली वेळ, महिन्याची तारीख, सगळं खुराने सांगे. लोकांची झुंबड उडे. फॉन ओस्टेन त्याचा एक पैसा घेत नसत. साल १९०४. गोष्ट वर्तमानपत्रांतून गाजली तेव्हा चौकशीसाठी तेरा जणांचं मंडळ नेमलं. कार्ल श्टुम्फ नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक त्याचे प्रमुख, आणि सभासदांत सर्कशीतले जाणकारसुद्धा होते. मंडळाने निर्णय दिला की यात कोणतीही लबाडी नाही. मालक गुपचूप खुणा करीत नाही. आणि हे खरंच होतं.

त्यानंतर श्टुम्फ यांचे विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट यांनी एक साधी गोष्ट केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, अशी व्यवस्था केली. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असताना हान्स शंभरातले सुमारे ८९ प्रश्न बरोबर सांगत होता. विचारणाऱ्याला माहीत नसताना हे प्रमाण सुमारे ६ वर आलं. घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावून माणूस दिसेनासा केला, तरी तसंच. म्हणजे घोडा आकडा मोजत नव्हता, माणूस वाचत होता. खुरांचे आवाज बरोबर आकड्याजवळ येत, तसा विचारणाऱ्याचा जीव ताणला जाई. आकडा गाठला की तो ताण सुटे आणि डोकं केसभर वर उचललं जाई. विचारणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ता नसे. घोड्याला तेवढं पुरे होई. फुंग्स्ट यांना हे गुपित कळल्यावरही स्वतःच्या डोक्याची ती हालचाल थांबवणं अवघड गेलं. मग ते स्वतःच घोडा झाले. लोकांना मनात आकडा धरायला सांगून आपण टकटक करीत, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून नेमक्या आकड्याला थांबत!

फॉन ओस्टेन यांना हा निकाल कधीच पटला नाही. १९०९ साली ते वारले. तो माणूस खोटं बोलत नव्हता. प्रश्नही त्यांचा होता, उत्तरही त्यांचंच होतं, आणि ते उत्तर घोड्याच्या खुरातून ऐकून ते हरखून जात होते. हे मला फार लागलं. का लागलं ते पुढे सांगतो.

पण म्हणून सगळीच जनावरं हान्ससारखी फक्त चेहरे वाचतात, असं म्हणून हिशेब मिटवता येत नाही. हान्सपासून संशोधक शहाणे झाले. चेहऱ्यावरून उत्तर फुटणार नाही, याची काळजी घेऊ लागले. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या विदुषींनी १९७७ साली दुकानातून एक करडा आफ्रिकन पोपट आणला, त्याचं नाव अ‍ॅलेक्स. तीस वर्षं त्याला शिकवलं. दोन वस्तू समोर धरून "वेगळं काय?" विचारलं तर तो "रंग" किंवा "आकार" सांगे. आणि दोन्ही अगदी सारख्या असल्या तर "काहीच नाही" असं सांगे. "काहीच नाही" ही काही समोर दिसणारी वस्तू नव्हे. दुसरी गोष्ट चेसर नावाच्या कुत्रीची. जॉन पिली हे निवृत्त प्राध्यापक तिचे मालक. त्यांनी तिला १०२२ खेळण्यांची नावं शिकवली. परीक्षेच्या वेळी खेळणी अशी आडोशाला ठेवत की मालकाची नजर कुठे वळली यावरून तिला काही कळू नये. आणि ओळखीच्या खेळण्यांत एक नवं खेळणं मिसळून कधी न ऐकलेलं नाव घेतलं, तर ती नवं खेळणं उचलून आणी. हे नाव मला ठाऊक नाही, हे खेळणंही मला ठाऊक नाही, तेव्हा ते याचंच असणार, एवढा विचार त्यात आहे.

तेव्हा जनावराला काही समजतं का, याचं माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असं, की काही समजतं, पण आपल्याला वाटतं तेच समजतं असं नाही. अ‍ॅलेक्सला "सारखं" आणि "वेगळं" समजलं. काळ्याला पातेलं समजतं. "गुरुवार" आणि "आरती" त्याला समजते, याचा पुरावा मला मिळाला नाही.

इथपर्यंत लेख सरळ होता. आता पुढचं लिहायला हात जड होतो.

माझ्या नोकरीतली गोष्ट. शाखेचं गाव आणि साल सांगत नाही. कर्जविभागात माझं टेबल होतं. एक विधवा आजी आपल्या पुतण्याबरोबर आल्या. यजमान वारल्यावर आलेल्या फंडाच्या पैशांची मुदतठेव त्यांच्या नावावर होती. पुतण्याला धंद्यासाठी कर्ज हवं होतं आणि आजींची पावती तारण म्हणून ठेवायची होती. कागद सगळे तयार. आजींना सही येत नव्हती. नियमाप्रमाणे मी समजावून सांगितलं. "आजी, याने हप्ते भरले नाहीत तर बँक तुमच्या ठेवीतून पैसे कापून घेईल. समजलं ना?"

आजींनी पुतण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी शाईचं पॅड पुढे सरकवलं.

पुतण्याने पहिले सहा हप्ते भरले आणि मग भरले नाहीत. नोटिसा गेल्या. शेवटी ठेव मोडून कर्ज वसूल झालं. व्याजाच्या तारखेला आजी नेहमीसारख्या आल्या. त्यांना वाटलं, दर तिमाहीला मिळतं तसं व्याज मिळेल. मी खाते काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, "साहेब, माझी पावती?"

मी म्हटलं, "आजी, तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना?"

त्यांनी पुन्हा मान डोलावली. तशीच, अगदी पहिल्यासारखी. आणि पदर सावरून निघून गेल्या. भांडल्या नाहीत. परत आल्या नाहीत.

त्या दुसऱ्या वेळच्या मान डोलावण्याने माझ्या पोटात गोळा आला. सांगितलं होतं का? होतं. त्यांना समजलं होतं का? नव्हतं. तेव्हाही नव्हतं आणि आत्ताही नव्हतं. पहिल्या वेळी माझं एक लक्ष घड्याळाकडे होतं, कामकाज बंद व्हायला दहा मिनिटं होती. "समजलं ना?" हे मी अशा सुरात विचारलं होतं की त्याला "हो" शिवाय दुसरं उत्तरच नव्हतं. आजींनी माझं बोलणं ऐकलंच नव्हतं, त्यांनी माझा चेहरा वाचला होता. साहेबांना काय हवं आहे ते त्यांनी ओळखलं आणि तेवढं दिलं. आयुष्यभर सासऱ्यांसमोर, तलाठ्यासमोर, दवाखान्यात त्यांनी हेच केलेलं असणार. हे लक्षात येत नसतं तर त्यांचा निभाव लागला नसता.

पुढे तपासणी झाली. फाइलमध्ये एक कागद कमी नव्हता, एक अंगठा चुकीच्या जागी नव्हता. तपासनिसांनी शेरा दिला, सर्व नियमानुसार. बर्लिनच्या त्या तेरा जणांच्या मंडळानेही हेच म्हटलं होतं, लबाडी नाही. फॉन ओस्टेन यांची हकिकत मला का लागली ते आता वाचकांच्या ध्यानी आलं असेल. प्रश्न माझा, उत्तरही माझंच. आजींनी फक्त मान हलवली.

फुंग्स्ट यांनी घोड्याच्या बाबतीत जे केलं ते मला आजींच्या बाबतीत करता आलं असतं. त्यासाठी प्रयोगशाळा नको होती. एवढंच म्हणायचं होतं, "आजी, मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला सांगा बघू." पाच मिनिटं गेली असती. त्यानंतर उरलेली अकरा वर्षं मी हे करीत आलो. कितीतरी जामीनदार चिडले, साहेब ओरडले की टेबलासमोर रांग लागते. पण एकदा एक गृहस्थ आपल्या शब्दांत सांगता सांगता मध्येच थांबले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "असं असेल तर मला विचार करू द्या." त्या दिवशी घरी जाऊन मी दत्तासमोर जास्त वेळ बसलो. आजींचं नुकसान मात्र त्याने भरून निघालं नाही. त्यांच्या घरी जाऊन बोलायचं धैर्य मला झालं नाही. पुढे त्या गेल्याचं कळलं.

भक्तहो, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. नाथमहाराजांच्या टीकेमुळे ते आपल्या घराघरांत माहीत आहेत. त्यांत कितीतरी प्राणी आहेत. कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कोळी. मला पूर्वी याचं नवल वाटायचं ते वेगळ्या कारणाने, की या मुक्या जिवांना एवढं ज्ञान कसं. आता वाटतं, ते कथेत कुठेच सांगितलेलं नाही. पिल्लांच्या मोहाने जाळ्यात शिरणाऱ्या कबुतराला मोह म्हणजे काय हे माहीत नव्हतं, म्हणून तर ते शिरलं. गळाला लागणाऱ्या माशाला जिभेच्या लोभावर प्रवचन देता आलं नसतं. त्यांना आपण गुरू आहोत याचा पत्ताच नव्हता. समजून घेण्याचं काम अवधूताने स्वतःवर घेतलं. त्याने कबुतराची परीक्षा घेतली नाही. तो उभा राहिला, शेवटपर्यंत पाहिलं, आणि स्वतःला विचारलं, यात माझ्यासाठी काय आहे?

मी आजींची परीक्षा घेतली आणि पास करून टाकलं. थांबून पाहिलं नाही.

नाथांचीच दुसरी गोष्ट. रामेश्वराला न्यायच्या कावडीतलं गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं, ही कथा आपण सारे जाणतो. हे गंगेचं पाणी आहे, हे त्या गाढवाला समजलं असेल का? नाही समजलं. नाथांनी तरीही ओतलं, कारण तहान कळायला गाढवाला तीर्थमाहात्म्य यावं लागत नाही. जनावराला आपल्यासारखं समजतं म्हणून दया करायची, आणि समजत नाही असं ठरलं की काठी उगारायची, हा व्यवहार त्या कथेत बसत नाही. आणि उलटही खरं. "त्याला सगळं समजतं" असं म्हणून आपण बैलाकडून, कुत्र्याकडून भलत्या अपेक्षा करतो, चुकला की "मुद्दाम केलं" म्हणून मारतो. तो फटका आपल्याच कल्पनेला बसायला हवा असतो, बसतो मुक्या जिवाला.

एक शंका कोणी काढील, तर मग ज्ञानोबांनी पैठणास रेड्यामुखी वेद बोलवले ते काय? त्या अधिकाराविषयी मी काय बोलणार? माझ्यासारख्याने त्यातून एवढंच घ्यावं की वाद जातीचा आणि अधिकाराचा होता, आणि तिथे ज्यांना वेद पाठ होते त्यांना समोरच्यातला आत्मा दिसत नव्हता. पाठ असणं आणि समजणं यांत अंतर पडतं ते असं. हे अंतर माझ्यातही आहे. मध्यंतरी नातवाने मला आरतीतल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. साठ वर्षं टाळ्या वाजवून म्हणत आलो, आणि मला सांगता आला नाही. घंटा झाली की उभं राहायचं, सूर लागला की तोंड उघडायचं. मग पातेल्याच्या आवाजाला येणाऱ्या काळ्यात आणि माझ्यात त्या क्षणी फरक तो किती? नंतर मी अर्थ शोधून नातवाला सांगितला. आता त्या शब्दापाशी आलं की माझा आवाज किंचित अडखळतो. ते बरं वाटतं.

आता नानांच्या "एवढंच?"चं उत्तर. मला वाटतं, खुणा ओळखणं ही लहान गोष्ट नाही. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळाचं रडणं भुकेचं की पोटदुखीचं, हे आई खुणांवरूनच ओळखते. तिला आपण "एवढंच" म्हणत नाही. हान्सला गणित येत नव्हतं, पण माणसाच्या डोक्याची केसभर हालचाल त्या मंडळातल्या एकालाही दिसली नव्हती, ती त्याला दिसत होती. तो नापास झाला ते आपण काढलेल्या पेपरात. त्याला जे येत होतं त्याचा पेपर कोणी काढलाच नव्हता. काळ्याला दत्तमहाराज कळत नसतील. पण कोणाच्या हातात काठी आहे आणि कोणाच्या हातात शिरा, कोण घाईत आहे आणि कोण बसणार आहे, हे त्याला आपल्याआधी कळतं. माझ्या जवळ तो बसत नसे. ते त्याचं वाचन बरोबरच होतं म्हणायचं, मी त्याची परीक्षा घेत होतो ना!

हे सगळं नानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. मी म्हटलं, "नाना, आता तुमच्या शब्दांत सांगा बघू." तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "कुत्र्याला समजतं की नाही ते राहू द्या, तुम्ही त्याला शिरा घालायला लागा. हे मला समजलं."

मीही तेवढंच समजलो आहे असं धरून चालतो. दत्तजयंतीच्या निमित्ताने सर्व भक्तांना एक विनंती मात्र आवर्जून करतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना बँकेत, कचेरीत, दवाखान्यात कुठे सही-अंगठा करायची वेळ आली, तर त्यांच्या मान डोलावण्यावर जाऊ नका. शेजारी बसा, घड्याळाकडे पाहू नका, आणि काय समजलं ते त्यांच्या तोंडून ऐका.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!